मैनाच्या तोंडचं ‘मला’

शालू : सगळं घर धुंडाळलं, अक्का. मी सकाळपासून शोधते आहे. मला ते पुस्तक कुठंच दिसत नाही.

मैना : ‘मला’! ‘शोधते’! बुधाजीची पोरगी अन् जीभ पुन्याची! पोळ्यापर्यंत तं ‘मले’ म्हने, ‘मी शोधतो’ म्हने.

शालू : बाई म्हणतात, अमरावतीच्या कॉलेजात असंच बोलावं लागतं. आतापासून सवय करायची.

मैना : बाई म्हन्तात, बाई म्हन्तात! चार दिवस माहेरी आली मी, तं ललिताबाईशिवाय दुसरं नाव नाही आयकलं ह्या घरात.

शालू : उद्या सकाळी त्यांना गोष्ट सांगायची आहे गं. कॉलेजच्या आधी दहा पुस्तकं वाचायची अन् प्रत्येकाची गोष्ट त्यांना तोंडी सांगायची. हे दहावं. मगच त्या वसतिगृहासाठी चिठ्ठी देणार. तिथं जागा मिळाली नाही, तर बाबा मला अकोल्याबाहेर पाठवणार नाहीत.

मैना : नाही पाठवलं तं नाही पाठवलं. मले कोनं पाठवलं होतं? सातवीत पह्यली आली, अन् आठवीत जायच्या येळेले नांदगावले देऊन टाकली.

शालू : तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझा काय दोष?

मैना : दोष कोन म्हनते? जळून राहिली म्हन. हो, जळतोच मी तुयावर! तुया डोक्यात असं काय हाये, जे माया डोक्यात नव्हतं? तुले एक पान समजाले तीन डाव वाचा लागते. तो डाक्तर नर्मदेचं पत्र काहून लपवते, सांग बरं? मला तर पहिल्याच—

शालू : काय म्हणालीस?

मैना : काही नाही. भाकर पाह्य, करपून राहिली.

शालू : ‘मला’ म्हणालीस! अन् कोणतं पत्र? मी साठाव्या पानावर हाये, तिथी पत्राचा पत्ताच नाही अजून! अक्का, पुस्तक तुयाजवळ हाये!

(मैना ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालते. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक बाहेर काढून पदरानं पुसते, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.)

मैना : घे. दोन दुपारीत संपवलं मी. म्हनलं, उद्या तू बाईसमोर मुक्यावानी बसशीन, तवा तरी बाईले मायी याद येईन. वाईट केलं, समजते मले. पन सात वर्सांत बाईनं एकदा तरी विचारलं का, मैना कशी हाये म्हून?

शालू : विचारते.

मैना : काय?

शालू : दर डाव विचारते. ‘मैना वाचते का गं अजून?’ मी सांगतो, नाही.

मैना : काहून वं?

शालू : पह्यल्या डावाले ‘हो’ म्हनलं होतं. त्या दिवशी बाईनं मायी गोष्ट आयकलीच नाही. तुयंच सांगत बसली. तुयं अक्षर, तुयं पाठांतर, तुया निबंध. मलेही जळता येते, अक्का.

मैना : अन् मले वाटे, बाई इसरली.

शालू : उद्या खरं सांगतो. हे पुस्तक मायाआधी तू वाचलं, थेही सांगतो.

मैना : सांगजो. आता ऊठ चुलीपासून. भाकरी मी टाकतो, तू वाच. अन् शेवटच्या पानाले घाई नोको करू. मी तिथी लय वेळ थांबली होती.