रशीदचाचांची तीन बोटं

माझ्या आवडीच्या एका विलायती बँडचे अल्बम मी लई जणांना ऐकवले, पण ऐकावं तर आमच्या शेजारच्या रशीदचाचांनीच. बिडकीनपासून पाचोडपर्यंतच्या वरातींत त्यांनी ट्रम्पेट वाजवलं. मग समोरचे दात पडले अन् वाजवणं सुटलं.

परवा दुपारी मी त्यांना त्या बँडची एक जुनी रेकॉर्ड लावून दिली. जॅझ-रॉक, गिटारपेक्षा ट्रम्पेटचाच जोर. चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. बंद करायला उठलो, तर त्यांची तीन बोटं गुडघ्यावर चालू होती, ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी.

रेकॉर्ड संपली, तरी बोटं थांबंनात.

"चाचा, संपलं की."

"त्यांचं संपलं, बेटा," डोळे न उघडताच ते म्हणाले. "आपला नवरदेव अजून मांडवात पोचला नाय."