नामदेवभाऊंचे मेतकूट

मोठे दुकान उघडते आणि लहान बंद पडते, या कथेची रूपे गावोगाव वेगळी आहेत. सौंसरच्या रूपात दुकानदार भांडतो, लोधीखेड्याच्या रूपात शाप देतो. पांढुर्ण्याच्या रूपाचा मी साक्षीदार आहे. पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेले आम्ही चौघे नामदेवभाऊंच्या किराणा दुकानात बसून, त्यांचाच चहा पीत, नव्या सुपरमार्केटचे गुणगान करत होतो.

"तुमच्या मेतकुटासाठी मी तं दर इतवारी नागपूरले जाऊन राहिलो, सर," नामदेवभाऊ म्हणाले. "ते त्या नव्या दुकानात भेटते काय?"

"सगळं मिळतं, भाऊ! तेही एसीत," आमच्यातले जोशी हसले.

"मंग माह्याकडं कायले येसान?"

त्यांनी आदल्या दिवशी आणलेल्या पुड्या आमच्या हातात ठेवल्या आणि भरदुपारी शटर ओढले.