पाळीपाळीनं फवारणी

न्हाई न्हाई ताई, ते पाकीट ऱ्हाऊ द्या तुमच्या पिशवीत, काय घाई हाय — आदी ही बाटली बघा. दिसली का अळी? कापसावरची बोंडअळी. आठ दिस झाले, रोज सकाळी पूजा उरकली का मी तिला औषधात बुडवून काढतोय — आन ती जाड व्हायली! सरपंच म्हणतो मी तिला. कावून मरत न्हाई? आता हेच तर या दुकानात बसून उमापूरच्या लोकाला सांगून सांगून माझी जीभ झिजली. बाजार खुला झाला, गल्लीत दहा कंपन्या आल्या, पर आमचा शेतकरी एकच औषध धरून बसतो. मंग अळीला सवय होती, चटणीवाणी चाटून खाती. शंकरप्पाचं म्हणणं काय? औषध बदला! या बारीला हे, पुढल्या बारीला ते — पाळीपाळीनं. — ए धुळाजी, थांब बे, बियाण्याच्या कंपनीच्या बाई आल्यात, दुपारच्याला ये. — गेला. तुमी बीडच्या दवाखान्यातून आलाव हे त्याला कशाला कळाया पायजे?

डॉक्टरसाहेब लई हुशार, मान्य. गेल्या साली मला आन माझ्या बायकोला, शांताला, दोघालाबी एड्सचं दुखणं हाय हे त्यांनीच काढलं. कुठनं आलं म्हणाल तर — मी मालाला हैदराबादेला जायचो — जाऊ द्या, तुमी कुठं इचारलंव. साहेबांनी कागदावर काढून दावलं. म्हणले, शंकरप्पा, हा विषाणू एक न्हाई, एका अंगात कोटीनं, आन एकाचं तोंड दुसऱ्यासारखं न्हाई. आपली नक्कल काढताना चुकत ऱ्हातो म्हणे तो, आन त्या चुकण्यातच एखादा असा निपजतो का औषध त्याला लागूच पडत न्हाई. आता हे मला सांगावं? ईस वर्सं अळ्या बघतोय मी! तीन डब्या दिल्या — रोज तिन्हीतल्या गोळ्या संगंच घ्यायच्या म्हणे, एकबी चुकवायची न्हाई. तितं जरा हसूच आलं मला. तिन्हीची सवय एकदम लागली तर मंग हातात काय उरलं? बोला की! — काय? एकाला चुकवणारा निपजतो, पर तिन्हीला एकदम चुकवणारा निपजणं अवघड? आन एकेक दिली तर एकेकाला शिकत पुढं जातो? म्हंजी...

थांबा, माझं आयका. मी काय अडाणी न्हाई. नवं औषध आलं का आपण दोन प्लॉट करतो — एकाला कंपनीची शिफारस, दुसऱ्याला आपली पद्धत. मंग बांधावर उभं ऱ्हाऊन बघायचं, कंचा हिरवा. तसंच केलं. मी साहेबांचं आयकलं, रोज तिन्ही. शांताला पाळीपाळीनं — दोन महिने पिवळी, दोन महिने पांढरी, दोन महिने ती लांबट, मंग पुन्ना पिवळी. तिला म्हाईत न्हाई हो कशाच्या गोळ्या ते. ताकदीच्या म्हणलं. वरीस झालं, देवाला दावती आन गिळती, एका शब्दानं इचारलं न्हाई. — असं बघू नका ताई माझ्याकडं! पाप नव्हतं मनात. जे चांगलं वाटलं ते तिला दिलं, कंपनीचं मी घेतलं. महादेवाची आण. पहिले दोन महिने कसली टवटवीत झालती! भाकर मागून घेत होती. लिंबागणेशला दर्शनाला गेलतो आमी, पायऱ्या माझ्या आदी चढली. मी तर साहेबांनाच ही पद्धत शिकवणार होतो, चार पानं लिहून ठिवलीत.

द्या ते पाकीट, बघू रक्ताचा रिपोट. लढणाऱ्या पेशी म्हंता त्या ह्याच ना? वरचं माझं — चारशे दहा. बरं हाय? आन शांताचं... एकोणतीस. पुढं शून्य ऱ्हायलं असंल टायपात. न्हाई? मंग दुसऱ्या गोळ्या द्या तिला. कुठंच न्हाईत? औरंगाबादेला? मुंबईला? — तितं हायेत त्याबी याच घराण्यातल्या म्हंता, लागू पडणार न्हाईत.

ताई, असं करा. नावं बदला. कागदच तर हाय — माझं नाव खाली घाला, तिचं वर. पेन देऊ का? मी ईस वर्सं लोकाला शिकवलं ताई, माझ्या शब्दावर लोकांनी शेतं फवारली, मला कसं कळलं न्हाई? — रडत न्हाई मी, औषधाचा वास हाय दुकानात.

— ओ! आलो गं शांता! च्या नगं, त्या निघाल्या. — काय? गोळी? घे की. न्हाई, घेऊ नगं. — तसं न्हाई गं, घे — थांब, थांब जरा, हात लावू नगं, मी आलो.

जा ताई तुमी. जा. दुकान बंद हाय.