सत्ती राजाच्या वर

नाही म्हटलं ना मगाशी — त्या नावाचं इथं कुणी राहत नाही. फोन्स नाही आणि आल्फोन्स नाही. दारावर लुत्गार्त एवढं एकच नाव आहे, ते माझं, आणि दुकानही माझं. तुम्ही म्हणालात, बरं, मग पत्त्यांचा एक कॅट तरी द्या. तर कॅट दाखवते, त्याचसाठी बसलेय इथं. ते स्टूल ओढून घ्या. छत्री बाहेरच ठेवा, पत्ते ओलाव्याला फार भितात. हं, तर कसला हवा? साधा? साधा असं काही नसतं हो. अख्ख्या जगाला पत्ते छापून देणारं हे तुर्नहाउट गाव, आणि इथं येऊन साधा कॅट मागायचा म्हणजे — असो. हा बघा, हा साधा. बिअरवाले जाहिरातीला फुकट वाटतात. आता त्यातला एक पत्ता काढा, कुठलाही, आणि पाठ तुमच्याकडे करून दिव्यासमोर धरा. दिसला? बदामाचा राजा दिसला ना आरपार? खिडकीकडे पाठ करून खेळायला बसलात की तुमचा सगळा हात समोरच्यानं वाचून काढला म्हणून समजा. एकाच कागदाचा पत्ता आहे तो, वरून नुसतं वॉर्निश मारलंय. चार डाव झाले की कोपरे मऊ पडतात, मग भिजल्या पावासारखा हातात लोंबायला लागतो.

आता हा घ्या. हा आमच्या कारखान्यातला. हाही धरा दिव्यासमोर — काही दिसतं? नाही दिसणार. दोन कागद आहेत एकावर एक चिकटवलेले, आणि मधली खळ काळी. आत काळं आहे हे बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही, दोन्ही बाजूंनी पांढराशुभ्र. पण तेवढ्यामुळंच आरपार दिसत नाही. वाकवा — वाकवा हो, घाबरू नका, दोन्ही टोकं एकमेकांना लावा आणि सोडा. बघा, झाला सरळ. आवाज ऐकलात? चांगला पत्ता कट्ट करून बोलतो. आणि बोट फिरवा वरून, लिननच्या कापडावरून फिरवल्यासारखं लागतं ना? बारीक बारीक खड्डे दाबलेले असतात, त्यात हवा राहते, त्या हवेवरून पत्ता घसरतो. पिसताना गठ्ठा चिकटत नाही. — हो, मला माहीत असणारच. शाळा सुटली तशी गेले कारखान्यात. मी पाठी बघायला होते. म्हणजे एका लांब टेबलावर आम्ही सगळ्या बायका, समोर छापलेले ताव, आणि पत्त्यांच्या पाठी बघायच्या. पुढच्या बाजूला एखादा ठिपका पडला तर फारसं बिघडत नाही, राणीच्या गालावर तीळ आहे म्हणायचं. पण पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग राहिला की ताव बाद. कारण मग तो पत्ता पाठमोरा असला तरी ओळखू येतो. अमुक डागाची ती इस्पिकची राणी. मग ती कितीही लपवा, सगळ्यांना कळतं कुणाच्या हातात आहे. मला पुढं पुढं वाटायचं, माझ्या पाठीवरपण असला डाग आहे. चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसले की मागच्या बायका — ती बघ, ती लुत्गार्त, तिचाच नवरा —

काय? वर आवाज? काही नाही, मांजर आहे. हो, जरा जड आहे मांजर.

तर पाठीचं सांगत होते. पाठीवरची नक्षी खालून-वरून एकसारखी पाहिजे. पत्ता उलटा फिरला तरी फरक कळता कामा नये. कडेची पांढरी पट्टी चारी बाजूंना सारखी आहे की नाही, तेही बघायचं. कापताना तेवढं चुकलं की झालं, मग फुलं कितीही सुंदर काढलेली असू देत. हे निळं बघा, वेलबुट्टीचं. हे लाल, त्यात हंस आहेत. हंस लोकांना आवडतात, पण खेळणारा हंस घेत नाही, खेळणारा साधी जाळी घेतो. तुम्ही कशी घेता? — तुम्ही... नाही नाही, काढा ना, चालू द्या. मी नुसती बघत होते. नमुन्याचाच कॅट आहे तो, खेळायलाच ठेवलाय.

तुमच्या लक्षात तरी आलं का, काय करताय ते? अठ्ठ्या काढल्यात. नव्व्या काढल्यात. आता दश्श्या काढताय. माझ्याकडे बघत बोलताय आणि बोटं आपली काढतायत. इथं असं कुणी करत नाही हो. इथं बावन्नच्या बावन्न खेळतात. तुमच्याकडे चाळीसच लागतात, नाही का? आणि सत्ती राजाच्या वर. गुलाम राणीच्या वर. — कसं माहीत म्हणजे? दुकान आहे, देशोदेशीची गिऱ्हाईकं येतात... नाही. नाही, राहू दे. मला खोटं बोलायचं जमत नाही, आणि आता कंटाळाही आलाय.

नाव काय तुझं? ओतीलिया. पोर्तोहूनच ना? हं. तू दारात उभी राहून विचारलंस तेव्हाच मला कळलं होतं. परदेशी माणूस आणि आमची फ्लेमिश भाषा बोलतोय, तीही आमच्या गल्लीतली. असं बोलणं पुस्तकातून येत नाही, जेवताना बापाच्या तोंडून ऐकूनच येतं. बस. उठू नकोस लगेच. सांगते. कॉफी गार होतेय, ती घे. ते बिस्कीट बुडवून खा, कडक असतं.

फोन्स छपाईच्या मशीनवर होता. देखणा नव्हता, पण मशीन त्याचं ऐकायचं. कारखान्यानं नवीन मशीनं घेतली आणि जुनं एक पोर्तोच्या छापखान्याला विकलं, तर ते बसवून द्यायला कोण जाणार? फोन्स. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. एक पिशवी घेतली, दाढीचं सामान घेतलं, म्हणाला, "मशीन बसवून येतो." उन्हाळा संपेपर्यंत येणार होता. आधी पत्रं आली, पैसे आले, मग नुसतेच पैसे, मग काही नाही. मला वाटलं, मेलाबिला की काय. साहेबाला जाऊन विचारलं, तर साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागला. म्हणाला, "बाई, तो तिथंच नोकरीला लागलाय." सगळ्या कारखान्याला माहीत होतं. मी टेबलावर येऊन बसले आणि पुढचा ताव ओढला. — रडले? नाही. पाठी बघायच्या होत्या ना, डोळ्यांत पाणी घेऊन डाग कसे दिसणार. मग ते राहूनच गेलं. पुढं कारखान्यानं बायका कमी केल्या, मी हे दुकान घेतलं. वीस-एक वर्षं गेली अशी. गेली, एवढंच.

आणि एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, इथं, तू उभी होतीस ना, त्याच जागी येऊन उभा राहिला. पातळ कोट, केस गेलेले. मी एका बाईला बुद्धिबळाचा पट दाखवत होते. ती बाहेर पडेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मशीन बसलं." शपथेवर सांगते, एवढंच म्हणाला. मी काय केलं असेल? तो पट परत खोक्यात घातला. आत वाटाण्याचं सूप होतं, ते गरम करून दिलं. मागच्या खोलीत खाट टाकली. माझा भाऊ रिक दुसऱ्या दिवशी येऊन ओरडला माझ्यावर. "लुत्गार्त, हे दुकान आहे की धर्मशाळा? हाकलून दे त्याला!" मी म्हटलं, दे की तूच हाकलून, तो बघ आत बसलाय. रिक आत गेला, आणि थोड्या वेळानं डोळे पुसत बाहेर आला. पुरुषांना येतं बाई पटकन रडायला.

मी त्याला काही विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं की दोघं काय करणार? पत्ते काढले. मी वाटायला घेतले, तर त्यानं माझ्या हातातून कॅट घेतला आणि अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या काढून बाजूला ठेवल्या. पहिल्याच हाताला मी राजा टाकला, आणि यानं सत्ती टाकून तो उचलला. मी म्हटलं, अरे, राजा आहे तो. म्हणाला, "सत्ती राजाच्या वर असते." म्हटलं, कुठं? तर त्यानं पुढचा पत्ता टाकला. तेव्हा कळलं मला. म्हणजे पोर्तो ठाऊक होतं, बाई असेल हेही ठाऊक होतं, पण हे वेगळं. बाईबरोबर माणूस राहतो, आणि पत्ते मात्र स्वतःचेच खेळतो, असंही असतं की. पण हा ज्या घरात होता तिथं रोज संध्याकाळी चौघं बसत असणार टेबलाला, भांडत असणार, हसत असणार, आणि त्यात हा इतका मुरला की इथले पत्ते विसरला. तिथं त्याचं घर होतं. हे पाठीवर नव्हतं लिहिलेलं, हे पुढच्या बाजूनं दिसलं मला. — मग काय, शिकले. सत्ती राजाच्या वर, गुलाम राणीच्या वर. आता मीच जिंकते बऱ्याचदा.

वर आहे तो. मांजर नाही, फोन्सच आहे, काठी आपटतोय. गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी दुकानातली ती लाकडी पट्टी नेऊन दिली, खाचेची, हात थरथरणारे म्हातारे घेतात ना, पत्ते उभे करायला. तिच्यात लावतो, डाव्या हातानं टाकतो. आत्ताही त्याची खेळायची वेळ झालीय म्हणून आपटतोय. त्याच्या उजव्या तळहाताला डॉक्टर सुई टोचून बघतो, त्याला कळत नाही. मी डॉक्टरला म्हटलं, मलाही टोचून बघा हो कधी तरी. तो हसला. त्याला वाटलं, गंमत करतेय.

तुमच्याकडून कसा निघाला? भांडून? — काय... काय म्हणालीस? पिशवी घेतली? आणि? "लिस्बनला एक मशीन बसवून येतो." हं. शब्दसुद्धा बदलले नाहीत मेल्यानं. आणि आई? अजून त्याचं ताट मांडते? नको, नको सांगूस. मला तिचं नावही नको. — नाही, सांग. ग्रासिंदा. ग्रासिंदा... चांगलं आहे. खेळते कशी? लबाडी करते? करू दे. मी नाही करत, म्हणून तुझ्या आईबरोबर त्याला जास्त मजा आली असेल. हे मी उगाच बोलले, सोडून दे.

मी तुला त्या नावाचं कुणी राहत नाही म्हटलं, ते का म्हटलं असेल? राग म्हणून नाही. राग यायला काही तरी जागं लागतं आत. मला वाटलं, आता ही वर जाणार, तो हिला ओळखणार, आणि त्याच्या डोळ्यांत जे काही येईल ते माझ्यासाठी कधी आलं नाही हे मला दारातून बघावं लागणार. बस. शिवाय तू त्याला नेशील. नेणार आहेस? ने. तुझा बाप आहे. मला काही वाटत नाही. म्हणजे आज नको, आज कसा नेशील, जिना अरुंद आहे, दोन दांडगी माणसं लागतात उतरवायला. आणि आगगाडीत त्याला बसवत नाही. आणि त्याचं खाणं — मऊ लागतं, घास डाव्या गालात ठेवावा लागतो, नाही तर ठसका लागतो, तुम्हाला ते माहीत नाही. शिकवीन मी. शिकायला दिवस जातील तुझे. तोवर मागची खोली आहे. चादरी धुतलेल्या आहेत.

ऊठ आता. तो जिना, पडद्यामागचा. उजव्या बाजूचं त्याला दिसत नाही, तेव्हा डावीकडून जा, आणि एकदम समोर उभी राहू नकोस. रडला तर रडू दे, तोंड पुसायचा पंचा खुर्चीच्या पाठीला आहे. मी नाही येत. मी कशाला? दुकान उघडं आहे. — कॅटचे पैसे? ठेव ते पाकीट आत. जा म्हटलं ना. जा.

या, नेलिसबाई, या. दार लोटून घ्या, वारा येतोय. कोण, ती आत गेली ती? ती फोन्सची मुलगी. पोर्तोहून आलीय. हो, बरोबर ऐकलंत, फोन्सची मुलगी. — डॉमिनो हवेत ना नातवाला? लाकडी दाखवू की प्लास्टिकचे?