सत्तर वर्षांच्या गाडीचा वेग

माझा मित्र विकास याच्याकडे सत्तर वर्षांची एक जुनी गाडी आहे. रविवारी सकाळी वारज्यात मी तिचा वेग दाखवणारा फोटो काढायचा, असं ठरलं. विकासला तो हॉलमध्ये लावायचा होता. अशा फोटोत धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट येते आणि मागची झाडं पुसट. विकासने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, मी बटण दाबलं.

फोटोत गाडी स्पष्ट आणि झाडंही स्पष्ट. पुसट आले होते फक्त फिरायला निघालेले एक आजोबा, गाडीला मागे टाकताना.

विकास म्हणाला, "यांना काढून टाक."

तेवढ्यात आजोबाच मागे फिरून आले. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "हा मला पाठवा. घरी म्हणतात, मी फार हळू चालतो."