खालच्या खाचेतला ड्राइव्ह

— न्हाई भाऊ, इकायचा हाय त्यो ह्यो, टेबलावरचा सुटा ड्राइव्ह. मशीनमधला न्हाई, त्यातल्या खालच्याला तर हातच लावायचा न्हाई — सांगायचं राह्यलं, चहाच्या नादात. घ्या, चहा घ्या आधी. सांगलीवरनं लोणंदला येवढं आलाय. तुमच्या आडतीतला कॉम्प्युटर जुना, त्येला ह्योच लागणार. दुकानात इचारलं तर हसत्यात — म्हणं आता खिशात मावणारी फ्लॉपी आली, ह्या पापडायेवढ्या कुठं घिऊन बसलाय! आन् वळखायचा कसा? दिसाया समदे सारखेच की. तोंडावर ही चांदणी कोरलीय बघा — म्हंजी तीनशेसाठ केबीचा, तुमच्या मशीनचा. मला कुणी सांगितलं? आमच्या राजरत्ननं, दुसरं कोण. कचेऱ्या जुनी मशिनं मोडीत काढायच्या, ह्यो पोत्यात भरून आणायचा. दोन मेलेल्या ड्राइव्हचा एक जित्ता करायचा — एकाची मोटर, एकाचं वाचायचं हेड. खालचा तसलाच. पण हेड केसभर वाकडं बसलं बघा. त्यात लिवलेली फ्लॉपी त्यालाच वाचता येती, दुसऱ्या कुणाला न्हाई — आन् दुसऱ्याची ह्याला न्हाई. म्हटलं, सरळ कर की रं. तर म्हणला, आई, सरळ केला तर आजपतूर लिवलेलं समदं जाईल. ऱ्हाऊ दे, घरचाच हाय.

लय द्वाड पोरगं. त्येचा बा गेला तवा माझं अन्नावरचं मनच उडालं हुतं, तर ह्येनं काय करावं? खालच्यात फ्लॉपी घालून तिच्यावर एक खेळ करून ठिवला. पडद्यावर येतं — आई, जेवलीस का? व्हय म्हणून बटण दाबलं की येतं, खोटं बोलतीस. न्हाई दाबलं की, मग ऊठ, भाकरी खा — आन् टीं टीं करत जयंतीच्या मिरवणुकीतला बँड वाजतो. रोज सांजंला लावते मी. शेजारची रंगुबाई म्हणती, बाई खुळी झाली. म्हणू द्या. त्येनं इचारलं की घास उतरतो, न्हाई तर न्हाई उतरत.

आता? आता त्यो कुठं हाय… आवं, ह्यो टेबलावरचा, ह्यो मोटरसायकलीला मागं बांधला हुता त्येनं. उंब्रजजवळ ट्रक आला आंगावर. पोरगं जाग्यावर गेलं आन् ह्येला खरचटलं बी न्हाई. डोळ्याम्होरं नगं वाटतो, म्हणून इकते. घ्या — सांगायचं न्हवतं तुमाला. आता अपशकुनी म्हणाल. त्येचा काय दोष हाय, लोखंडाचा? चांगला चालतोय.

चहा निवला की. सरका, दाखवतेच तुमाला — आँ? मशीनचं टोपण का काढलंय? ह्ये पडद्यावर काय? हळद… राजापुरी… ही तर तुमची फ्लॉपी. कुठल्या खाचेत हाय? खालच्या? न्हाई भाऊ, खालच्यात दुसऱ्याची वाचतच न्हाई, आत्ताच सांगितलं न्हवं, त्येचं हेड…

मी चहा टाकाया गेले तवा, व्हय? तुमची फ्लॉपी वाचंना, म्हणून बिघडलाय वाटलं तुमाला. बाईमाणूस येकटी हाय, जाता जाता हेड सरळ करून द्यावं.

राजरत्नची घाला. ही घ्या, ही — घाला की! खर्र. परत घाला. खर्र, खर्र… मग त्यो इस्क्रू फिरवा उलटा! होता तसा वाकडा करा. किती फिरवला? आठवा की वो, जरा आठवा — आत्ताच तर फिरवलाय!

न्हाई आठवत म्हणता.

असू द्या. हात जोडू नगा मला. भलं कराया गेलात तुमी, दिसतंय मला. पर आता सांजंला, जेवलीस का म्हणून, कोण इचारणार वो मला?… ह्यो टेबलावरचा घ्या आन् जावा. पैसं नगं. कप ऱ्हाऊ द्या तितंच. जावा म्हणते न्हवं. दार तेवढं वढून घ्या.