रहीमभाईंचा मोठा पाना

दुपारी बारा वाजता, जामनेर रस्त्यावरच्या नाक्यावर शिपायांनी दारू शोधायला रहीम मिस्त्रींची दुरुस्तीच्या हत्यारांची गाडी रस्त्यावर रिकामी केली. नानांच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडून केळी सुकत होती, म्हणून रहीमभाई, नाना आणि मी घाईत निघालो होतो. दारू सापडली नाही.

"जा आता," हवालदार म्हणाला.

"साहेब, ज्याला त्याला घरी पोचवा, मग जातो," रस्त्यावरच्या हत्यारांकडे बोट दाखवत रहीमभाई म्हणाले.

गाडीतल्या फळ्यांवर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला होता, त्यामुळे शिपायांनाही चुकता येईना. शेवटी एकच आकार रिकामा राहिला.

"बठ्ठं शे, मोठा पाना नही शे," सगळी हत्यारं मोजून नाना म्हणाले.

"तो नसेलच आधी," हवालदार म्हणाला.

"मग मी काय हवेचं चित्र काढलं?" रहीमभाईंनी विचारलं.

विहिरीवर पोचल्यावर पान्याऐवजी नटाभोवती साखळी आवळून त्यांनी इंजिन चालू केलं. पाना कुठे गेला, हे मी माझ्या वर्तमानपत्रात छापून विचारलं. नाक्यावरून अजून उत्तर आलेलं नाही.